डाव्या पायाची रेघ

पायांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याचा उद्योग मी आयुष्यात एकदाच केला आणि साफ तोंडघशी पडलो. तेव्हापासून कुणी मला “अमका कसा आहे हो?” असं विचारलं की मी म्हणतो, “बाबा रे, आधी त्याच्याबरोबर शंभर पावलं चाल, मग विचार.” ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा काहीतरी तत्त्वज्ञान सांगतोय. तत्त्वज्ञान कसलं डोंबलाचं! मी चांगूबायचं सांगत असतो.

पुरं नाव चांगुणा. पण त्या नावानं तिला मारलेली हाक मी एकदाच ऐकली, आणि ती मीच मारली होती, जबाब लिहून घेताना. त्याची लाज मला अजून वाटते. ती गोष्ट पुढं येईलच, टाळून चालायचं नाही.

मी तेव्हा ठाण्याजवळ, कोपरीच्या खाडीकाठी, मीठ-चौकीवर कारकून होतो. आगगाडी सुरू होऊन पंचवीस-तीस वर्षं झाली होती, तरी खाडीच्या पुलावर गाडी धडधडली की मिठागरातल्या बाया कमरेवर हात ठेवून ती पार होईपर्यंत बघत राहायच्या. मी देशावरचा माणूस. मला खारा वारा सोसेना, सुकत घातलेल्या मासळीचा वास सोसेना आणि खरं बोलायचं तर माणसंही सोसेनात. जीभ पहिल्यापासून तिखट. परवान्यावाचून मिठाचा खडा बांधाबाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढंच माझं काम. पण मी ते अशा ऐटीत करायचो की बघणाऱ्याला वाटावं, खाडीसुद्धा मलाच विचारून भरते.

मी रुजू झालो ते दिवाळीनंतर. मिठागरात तेव्हा वाफे तुडवायचं काम चाललेलं असतं. भरतीचं पाणी वाफ्यांत घ्यायचं, उन्हानं ते आटलं की तळाशी मीठ धरतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण वाफ्याचा तळ कच्चा राहिला तर मिठात चिखल येतो, म्हणून आधी तो ओला तळ पायांनी तुडवून तुडवून फरशीसारखा टणक करावा लागतो, हे मला तिथं गेल्यावर कळलं. दहा-बारा बाया एका ओळीत उभ्या राहायच्या, एकमेकींच्या कमरेत हात घालायच्या आणि एका दमात पाय आपटत पुढं सरकायच्या. ओळीच्या टोकाला चांगूबाय असायची. ती “हुं!” म्हणाली की बारा पाय एकदम पडायचे.

उंच, काळीसावळी, पस्तिशी ओलांडलेली. कासोटा घट्ट, कपाळावर गोंदण, आणि आवाज असा की पलीकडच्या काठाच्या होडीवाल्यानंही वल्हं थांबवावं. नवरा खाडीत मासे मारायचा. घरातलं सगळं बोलणं तिच्यावर सोपवून तो मोकळा झाला होता. मी त्याला पाच वर्षांत एकदा बोलताना ऐकलं. “बरां हाय,” असं तो म्हणाला होता.

पहिल्याच दिवशी मला दिसलं की ही बाई मध्येच ओळ सोडते आणि बांधावर जाऊन बसते. बाकीच्या तुडवतायत आणि ही आपली पाटी उपडी घालून, पाय लांब करून, मडक्यातलं गार पाणी पायांवर ओततेय! थोड्या वेळानं उठते, पुन्हा टोकाला जाऊन “हुं!” करते, पुन्हा येऊन बसते. मी मुकादमाला बोलावलं. पोशा मुकादम म्हणजे गावचा पाटीलच, पांढऱ्या मिशांचा, शांत माणूस.

“ही बाई कामाला येते की हवा खायला?” मी विचारलं.

“तिचं तिला ठाव हाय, रावसाब,” पोशा म्हणाला. “तिच्या पायाचं जरा येगलं हाय.”

“पाय तर दणदणीत आपटतेय.”

“आपटतंय ना. मंग थांबतंय.”

मला हे उत्तर उर्मट वाटलं. मी मनातल्या वहीत चांगूबायच्या नावापुढं ‘कामचुकार’ असं लिहून टाकलं. माझ्या मनातल्या वहीत खाडाखोड करायची सोय नव्हती, हेच माझं दुर्दैव.

तिचं दुखणं तिनंच मला पुढं कितीदा तरी सांगितलं, आणि दर वेळी दुसऱ्या कुणाची गंमत सांगावी तसं. आधी एका पावसाळ्यात तिच्या डाव्या डोळ्यावर धुकं आलं. महिनाभर सगळं फिकट फिकट दिसायचं. दृष्ट काढली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या, आणि एक दिवस धुकं आपोआप गेलं. पुढच्या वर्षी डावा पाय. सकाळी उठली की पाय तिचा असायचा, चांगला, पहिल्यासारखा. पाच-पन्नास पावलं झाली की जड व्हायचा. आणखी चाललं की पंजा उचलेनासा व्हायचा, अंगठा जमिनीला घासायचा. बसलं, गार पाणी ओतलं, वारा घेतला की पाय पुन्हा ताजा! थंडीत हे बरं चालायचं. चैत्र-वैशाखात मात्र उन्हाबरोबर पायातलं सगळं निघून जायचं.

“आमचे गावची गोरी हीर हाय ना,” ती म्हणायची, “तशी हाय ही. सकालची भरलेली. दहा हंडं काडलं का तल दिसतो. मंग बोंबलून काय होतंय? बाजूला बसायचं, झऱ्याला येल द्यायचा. परत भरते. हीर काय मेली नाय, रावसाब, दमली.”

कोपरीत त्या काळी गोड्या पाण्याची ती एकच विहीर होती आणि उन्हाळ्यात तिच्या काठावर बाया हंडे घेऊन झऱ्याची वाट बघत बसायच्या, त्यामुळं गावात प्रत्येकाला हे समजायचं. न समजणारा एकटा मी.

बरं, ही बाई नुसती बसायचीही नाही. तिच्या घरापासून मिठाच्या राशीपर्यंतच्या बांधावर तिनं चार मोठे दगड टाकून घेतले होते, बसायला. आणि त्या दगडांना नावं ठेवली होती! पहिला ‘नणंद’, दुसरा ‘जाऊ’, तिसरा ‘सासू’ आणि राशीजवळचा शेवटचा ‘म्हायेर’. तिचं खरं माहेर डोंबिवलीला. तेव्हा ते भातखाचरांमधलं खेडंच होतं. “आज नणंदंला टाकून थेट जावंवर जाऊन बसले,” अशी बातमी ती सकाळी मोठ्यानं द्यायची आणि बाया फिदीफिदी हसायच्या. वाईट दिवस असला तर, “आज चारी जनींना भेटून आयले.” सासूवर बसायला तिला विशेष आवडायचं. सासू बिचारी केव्हाच वारली होती म्हणून निभावलं.

पोशा मुकादमानं तिला एकदा ठाण्यातल्या एका वैद्यबुवांकडं नेलं होतं. ही हकीकत ती साभिनय सांगायची. वैद्यबुवांनी आधी तिला ओसरीवर चांगलं अर्धा प्रहर बसवून ठेवलं. मग नाडी बघितली. मग तिच्या तळपायाला हात लावून म्हणाले, “रेट बघू माझ्या हाताला.”

“मी रेटलां,” चांगूबाय सांगायची. “तं वैदबोवा गादीवरनं मागं! पगडी एकीकडं, बोवा एकीकडं!”

वैद्यबुवा उठून बसले आणि म्हणाले, “बैलासारखा पाय आहे हिचा. काही झालेलं नाही. मनाचं दुखणं आहे, काम टाळायचं.” सोबत कसलीशी चाटणाची पुडी दिली. परत येताना रुळांपाशी तिचा पाय गेला आणि पोशाला बैलगाडी बोलवावी लागली.

“बोवांचं काय चुकलां नाय,” ती शेवटी म्हणायची. “बल हाय पायात. टिकाव नाय. बोवांनी मना बसवून बगितलां, चालवून बगितलांच नाय.”

माझा एक भाचा आता मुंबईत डॉक्टर आहे. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, मामा, हा पायाचा आजार नव्हेच, मेंदूकडून पायाकडं जो निरोप जातो त्याच्या वाटेतला आहे. वाट तापली, वापरून शिणली की निरोप पोचत नाही. विलायतेत त्याला नाव पडलंय म्हणे. ते नाव माझ्या जिभेवर बसलं नाही. पण “बल हाय, टिकाव नाय” हे ऐकल्यावर भाचा म्हणाला, “मामा, हे आम्हाला शिकायला दोन वर्षं लागतात.” मला कोण अभिमान वाटला! जसं काही ते वाक्य मीच बोललो होतो.

आता ती लाजेची गोष्ट.

संध्याकाळी मिठागरातली माणसं घरी गेली की आमचा शिपाई राशीपासून गावापर्यंतच्या बांधाच्या माथ्यावर पाणी शिंपडून बाभळीची फांदी फिरवायचा. माती सपाट व्हायची. सकाळी उजाडताच तो ठसे वाचायचा. कोल्हा आला तर कोल्ह्याचे, खेकडा आला तर खेकड्याचे, आणि चोर आला तर चोराचे. त्याला या विद्येचा भारी गर्व होता. ऐन मिठाच्या दिवसांत एका सकाळी तो धावत आला.

“रावसाहेब, चोरी! एकट्या माणसाचे ठसे आहेत, अनवाणी. आणि ठशांबरोबर लांबच लांब रेघ. मिठाचं पोतं ओढत नेलंय.”

मी चपला घालून धावलो. बरोबर होतं. राशीपासून निघालेले ठसे, आणि डाव्या बाजूनं जमीन खरवडत गेलेली रेघ. आम्ही दोघं माग काढत गेलो. सासू, जाऊ, नणंद असे सगळे दगड उलट्या क्रमानं पार करत रेघ थेट चांगूबायच्या अंगणात गेली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! कामचुकार ती कामचुकार, वर चोर! माझी पारख खरी ठरली होती.

तिला चौकीवर बोलावलं. ती आली. सकाळची वेळ, हवा गार, रात्रभराची झोप झालेली. खाडखाड पावलं टाकत, मान ताठ ठेवून आली.

“चांगुणा, ही रेघ कसली?” मी दारापुढच्या बांधाकडं बोट करून दरडावलं.

तिनं वाकून बघितलं आणि चक्क हसली. “माजे पायाची. काल ऊन लय होतां. पाय जेला, म्हून सगली घरी जेल्यावर मी राशीचे आड म्हायेरावर बसून ऱ्हायले. शिपाईदादा फांदी फिरवून जेलं, मंग मी उठले. डावा पाय उचलंना, घाशीत आनला.”

“आत्ता तर घोड्यासारखी चालत आलीस.”

“आत्ता सकाल हाय.”

“पायाला सकाळ-संध्याकाळ कळते वाटतं!” मी म्हणालो. शिपाई हसला. माझा कोट्या करायचा स्वभाव, त्यात ऐकायला माणूस मिळालेला. मी कागद पुढं ओढला आणि जबाब लिहिला. तिचं म्हणणं लिहिलं, आणि त्याखाली माझा शेरा लिहिला, की सदर बाई धडधाकट चालते, हे मी स्वतः पाहिलं आहे, सबब तिचं म्हणणं खोटं आहे. सहीच्या जागी तिची बांगडीची निशाणी घेतली. लिहिणं न येणाऱ्या बायका तेव्हा तशीच निशाणी करत. तिनं गोल काढला तो फार सुबक काढला. मग विचारलं, “यात काय लिवलंय?”

“हेच, की तू चोर आहेस. कागद दुपारी ठाण्याला जाईल. मिठागरात पाय ठेवायचा नाही.”

तेव्हा मात्र तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. “मिठागरात पाय ठेवायचा नाय,” एवढंच तिनं माझ्यामागं म्हटलं. तुरुंगाची धास्ती तिला वाटली की नाही कोण जाणे. पण तो बांध, ते चार दगड, ओळीचं टोक, यांच्यावाचून उरलेल्या पायांचं तिनं काय करायचं होतं?

एवढ्यात पोशा मुकादम आला. त्यानं कागदाकडं बघितलंही नाही. “रावसाब, कागद धाडायचे आदी बाईला चालवा.”

“चालताना बघितली मी.”

“घर ते चौकी बगितली. ऊन चडूं दे. शिपाईदादांना बांद सारवूं दे. मंग राशीपासनं तिचे घरापावत चालवा. तुमी बरोबर चला. रेघ नाय उटली तं मी सोता कागद घेऊन ठान्याला जातंय.”

नाही म्हणायला काही कारण सापडेना. दुपारी बांधावर फांदी फिरवली. राशीपासून ती निघाली, मी तिच्या बाजूनं, बांधाखालून मागोमाग अख्खं मिठागर. पहिली चाळीस पावलं ती असं बोलत चालली होती की जणू आम्ही जत्रेला निघालोय. यो वाफा कुनाचा, त्या वाफ्याचं मीठ कसं दाणेदार. मी तोंड वाकडं करून मागं बघत होतो, ठसे स्वच्छ होते. साठाच्या आसपास तिचं बोलणं थांबलं. मग डाव्या ठशापुढं एक बारीक ओरखडा दिसला. पुढच्या ठशापुढं जरा लांब. ऐंशीला ओरखड्याला ओरखडा जुळला आणि रेघ झाली. मी शिपायाकडं बघितलं. शिपाई खाली बघत होता.

“थांब,” मी म्हणालो. “कळलं मला. बस तिथं.”

सासू समोरच होती. चांगूबायनं दगडाकडं बघितलंसुद्धा नाही.

“नाय. कागदात रेघ घरापावत हाय ना? मंग घरापावत.”

तिचा गुडघा मागं ढकलल्यासारखा ताठ होत होता, कंबर वर उचलून ती पाय पुढं फेकत होती आणि पंजा मागून ओढत येत होता. घाम हनुवटीवरून गळत होता. “अगं, थांब बाई, पाया पडतो,” असं मी म्हणालो, मी, ज्यानं कुणाची साधी माफी मागितली नव्हती! ती थांबली नाही. जाऊ गेली, नणंद गेली. उंबऱ्याशी पोचली आणि भिंत धरून खाली बसली. मागं बांधावर लांबच लांब रेघ, सकाळच्या रेघेची जुळी बहीण. मी धावत पाण्याचा तांब्या घेऊन गेलो.

“आदी पायावं,” ती धापा टाकत म्हणाली. “मंग मना.”

मी, चौकीचा कारकून, वाकून तिच्या पायावर पाणी ओतत होतो आणि सबंध कोपरी बघत होती. कागद मी तिथंच फाडला. आणि तेव्हा पोशानं त्याच्या शांत आवाजात विचारलं, “रावसाब, राशीवरचा शिक्का कुनी बगितला का?”

राशीला चिखलाचा लेप देऊन त्यावर आमचाच लाकडी शिक्का उमटवलेला असायचा. आम्ही जाऊन बघितलं. शिक्का जसाच्या तसा! मिठाचा एक खडा हलला नव्हता. रेघेच्या मागं आम्ही गावभर हिंडलो, पण राशीकडं मान वळवून बघायचं कुणालाही सुचलं नाही. चांगूबाय हे ऐकून इतकी हसली की तिला पुन्हा पाणी पाजावं लागलं.

वाटलं होतं, आता ही बाई माझं तोंड बघणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावरून तिचा आवाज आला, “रावसाब, आज पाय बगायला येताव का? फुकाट हाय!” झालं. तेव्हापासून मला तिचा राग येईना आणि स्वतःचाच जास्त येऊ लागला, हे माझ्या प्रकृतीला चांगलं मानवलं.

त्यानंतरच्या हंगामातली एक गोष्ट. तिथं अशी रीत होती की हंगामातली मिठाची पहिली पाटी एकाच बाईनं वाफ्यातून राशीच्या जागी न्यायची, वाटेत खाली टेकवायची नाही. टेकवली तर वर्ष खराब. हा मान चांगूबायचा, तिच्या सासूपासून चालत आलेला. वाफा ते रास नव्वद पावलं. डोक्यावर ओल्या मिठाची पाटी घेऊन तिचे पाय कितीचे, हे आता सगळ्यांना ठाऊक होतं. साठाचे. तेही सकाळच्या गारव्यात. बाया कुजबुजू लागल्या. मान तिच्या सुनेला द्यावा असं कुणीतरी म्हणालं. संध्याकाळी रिकामी पाटी डोक्यावर घेऊन बांधावर एकटी येरझाऱ्या घालताना मी तिला पाहिलं. साठाला पाय घासत होता. ती परत जायची, पाणी ओतायची, बसायची, पुन्हा निघायची. साठ म्हणजे साठ. इच्छेनं एकसष्ट होत नव्हते.

राशीची जागा बदलायची म्हटलं तर गावचे जुने लोक ऐकले नसते. म्हणून मी काय केलं, सरळ हुकूम काढला. पहाऱ्याच्या सोयीसाठी यंदापासून रास पस्तीस पावलं अलीकडं घालावी. खाली दाबून शिक्का मारला. गावानं सरकारला चार शिव्या घातल्या आणि रास अलीकडं आली. ‘म्हायेर’ दगडही तिच्याबरोबर चार जणांनी उचलून आणला.

पहिल्या पाटीच्या दिवशी चांगूबाय निघाली. मी चौकीच्या दारात उभा राहून ओठांतल्या ओठांत मोजत होतो. त्रेपन्न, चोपन्न, पंचावन्न. पाटी राशीच्या जागी उतरली, नारळ फुटला, बायांनी एकच गलका केला. ती म्हायेरावर बसली आणि मला ऐकू येईल असं मोठ्यानं म्हणाली, “तुमचं सरकार लय शानं हाय हो, रावसाब! पाच पावलां हातची राखून हुकूम काडलाय!” मी आत जाऊन उगाच दऊत पुसत बसलो. डोळ्यांचं काय करावं ते कळत नव्हतं.

पाच वर्षांनी माझी कल्याणला बदली झाली. तोपर्यंत तिच्या पायांची विहीर आणखी आटली होती. साठाचे चाळीस झाले होते. दगड चाराचे सात झाले होते. नव्या तिघांना ‘मामी’, ‘मावशी’ आणि, माझ्या तोंडावर, ‘रावसाब’ अशी नावं मिळाली होती. तुडवायच्या ओळीत ती आता उभी राहत नसे. बांधावर पाटी उपडी घालून बसायची आणि तिथून “हुं!” करायची. पाय पूर्वीसारखेच एकदम पडत. मजेत होती. “तुडवायला पाय लागतान,” ती म्हणायची, “तुडवून घ्यायला नुसता गला लागतो. हे आदीच का नाय कललां मना!”

निघायच्या दिवशी सकाळी मी निरोप घ्यायला तिच्या अंगणात गेलो. सामान बैलगाडीत घालून गाडीवाला मागून यायचा होता. “मी काय देनार तुमाना?” ती म्हणाली. “मीठ देलां तं तुमीच पकडाल. चला, शिवंपावत पोचवतंय.”

कोपरीत पाहुण्याला गावाच्या शिवेपर्यंत, चिंचेच्या झाडाखाली नेऊन पोचवतात. मी म्हणालो, कशाला, दारातूनच बरं. ती म्हणाली, दारातून भिकाऱ्याला लावतान. आम्ही निघालो. सकाळ गार होती, ती माझ्या डाव्या बाजूनं, जरा मागं होती. मी बोलत सुटलो, मला निरोपाच्या वेळी गप्प राहता येत नाही. कल्याणला घर कसं मिळेल, तिथली हवा कशी, तिथं तर मीठही नाही, मी कुणावर ओरडणार. ती “हां”, “मंग” असं म्हणत होती. चिंचेशी आलो तेव्हा तिनं खोडाला हात लावला.

“जावा आता. गाडी कुनाचे पायाची वाट बगत नाय.”

मी नमस्कार केला आणि वळलो. दहा पावलं गेलो असेन, छत्री आठवली. तिच्या अंगणातच राहिली होती की काय, म्हणून मागं वळलो. चांगूबाय चिंचेच्या मुळावर बसली होती, दोन्ही पाय लांब करून, पदरानं वारा घेत. छत्री माझ्याच काखेत होती. मी मान वर केली आणि तिच्या पलीकडं गावाकडून आलेली धुळीची वाट मला दिसली.

माझ्या चपलांचे ठसे होते. त्यांच्या बाजूला तिचे. आणि रेघ. मी ती नजरेनं उलटी वाचत गेलो, चिंचेपासून मागं, मागं, पोशाच्या खळ्यापर्यंत, त्याच्याही मागं. तिच्या घराच्या वळणापाशीच रेघ सुरू झाली होती. म्हणजे कल्याणच्या घराबद्दल मी बोलायला सुरुवात केली, तेव्हाच तिचे चाळीस संपले होते. तिथून चिंचेपर्यंत तीनशे पावलं तरी असतील, आणि त्या वाटेवर एकही दगड नव्हता.

“अगं, हे काय केलंस!” मी ओरडलो.

“काय नाय,” तिनं हात हलवला. चेहरा घामानं डबडबलेला आणि खुशीत. “सकाल हाय. बसंन आन भरंल. जावा तुमी, रावसाब.”

मागून माझ्या सामानाची बैलगाडी खडखडत येत होती, बरोबर त्या वाटेच्या मधोमध. मी छत्री वर करून बेंबीच्या देठापासून ओरडलो, “अरे, कडेनं घे! कडेनं!”

गाडीवाला बघतच राहिला. वाट तर सगळी मोकळी होती. पण त्यानं कासरा ओढला आणि गाडी कडेच्या गवतातून घेतली.